ओट्यावरून दिलेला पास

बातमी माझ्याकडे संपादनासाठीच आली. चिखलीच्या वार्ताहराने दुपारी पाठवलेल्या निधनवार्तांमध्ये ती चौथी होती. मजकूर पाच ओळींचा आणि पानावर जागा तीन ओळींची. बरीच वर्षे हे काम केल्यावर अशा वेळी काय काढायचे ते हाताला माहीत असते. 'अमडापूर येथील गादी व्यावसायिक' ठेवले, दफनविधीची वेळ ठेवली, मागे पत्नी आणि दोन मुली ठेवल्या. 'शालेय जीवनात ते उत्तम गोलरक्षक होते' हे वाक्य काढले. ते काढून झाल्यावर नाव वाचले... शकील. वाक्य परत घातले आणि शेजारच्या बातमीतल्या दोन ओळी कमी केल्या. याला आता सहा आठवडे झाले.

शकील आणि मी पाचवी ते दहावी एका वर्गात होतो. त्याच्या अब्बांचा गाद्या-रजयांचा कारखाना बाजाराला लागून होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, एका टोकाला कापूस पिंजायचे मशीन आणि दुसऱ्या टोकाला पिंजलेल्या कापसाचा ढीग. तो ढीग त्याच्या छातीपर्यंत यायचा. शाळेतून आल्यावर दप्तर फेकायचे आणि त्या ढिगावर आडवे झोकून द्यायचे, हा त्याचा लहानपणापासूनचा खेळ. त्यामुळे जमिनीवर पडण्याची भीती म्हणजे काय ते त्याला ठाऊकच नव्हते. बाजाराच्या मुरमाड जागेवरही तो तसाच झोकून द्यायचा. कोपरे आणि गुडघे कायम सोललेले. "लागलं काय बे?" असे विचारले की म्हणायचा, "कापूस जरा कमी पिंजला व्हता."

आम्ही फुटबॉल खेळायला शिकलो ते आठवडी बाजाराच्या जागेत. शाळेला मैदान होते, पण त्यावर नव्या खोल्यांचे बांधकाम सुरू होते आणि ते आमच्या दहावीपर्यंत सुरूच राहिले. बाजाराच्या जागेत दोन्ही बाजूंना भाजीवाल्यांसाठी बांधलेले सिमेंटचे ओटे होते, गुडघ्याएवढे उंच. मधल्या पट्ट्यात आम्ही खेळायचो. दोन्ही टोकांना दोन ओट्यांमधली जी फट होती, ती गोल. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी कांद्याची टरफले आणि सडके टोमॅटो बाजूला करून खेळ सुरू व्हायचा. या जागेचा आमच्या खेळावर एक परिणाम झाला होता, तो आमच्या लक्षात आला नव्हता. आम्ही एकमेकांना सरळ पास देतच नव्हतो. चेंडू ओट्यावर मारायचा, तो कोणत्या कोनात परत येईल ते आपल्या माणसाला माहीत असायचे आणि तो तिथे पोहोचलेला असायचा. चेंडू बाहेर जाणे हा प्रकारच नव्हता. थ्रो-इन आम्हाला फक्त ऐकून माहीत होता.

दहावीच्या वर्षी शाळेने पहिल्यांदा संघाचे नाव पाठवले. व्यायाम शिक्षकाची जागा रिकामी होती, म्हणून संघ चित्रकलेच्या कुळकर्णी सरांकडे आला. सरांनी नियमांचे पुस्तक मागवले आणि अकरा पांढऱ्या बनियनांवर स्वतः ऑइलपेंटने आकडे काढले. आकडे फार सुंदर होते. सावलीसकट काढलेले. पण वाळल्यावर ते इतके कडक झाले की पळताना पाठीला टोचायचे. अब्बांना हे सगळे वेळेचा अपव्यय वाटे. दहावीनंतर शकीलने मशीनवर बसावे, असे घरात ठरलेच होते. शकीलने बरेच दिवस मागे लागून एक अट पदरात पाडून घेतली. जिल्ह्यात जिंकणारा संघ विभागीय स्पर्धेसाठी अमरावतीला जायचा. अब्बा म्हणाले, "अमरावतीले गेला तं समजू की तुह्यात काही हाय. मंग बुलढाण्याले कॉलेजात जाय, खेळ. नाई गेला तं मशीन." हे त्याने आम्हाला दुसऱ्या दिवशी बाजारात सांगितले, आणि त्या दिवसापासून तो हंगाम अकरा जणांचा असला तरी त्यातला खरा मामला एकाचाच होता. आम्हा सगळ्यांना तो माहीत होता.

स्पर्धेआधी चिखलीच्या एका शाळेशी सराव सामना ठरला. जीपमधून उतरल्यावर शकील गोलपोस्टजवळ गेला, दोन्ही हात पसरून मधोमध उभा राहिला, एका खांबाकडे पाहिले, दुसऱ्याकडे पाहिले. मग आम्हाला ओरडून म्हणाला, "हे दार नाई बे, फाटक हाय!" तो सामना आम्ही सहा-शून्य हरलो. पण हरण्याचे कारण फाटक नव्हते. आमचे खेळाडू सवयीने चेंडू कडेला मारत होते आणि तो परत येत नव्हता. तिथे फक्त फक्कीची पांढरी रेषा होती. चेंडू रेषेपलीकडे, गवतापलीकडे, एकदा तर सायकलस्टँडपर्यंत गेला. आणि आपला माणूस रिकाम्या जागेत पोहोचून वाट बघत उभा! चिखलीची पोरे हसून हसून बसली. "ओ अमडापूर, भिंत घरी इसरून आले काय बे?" असे त्यांच्यातला एक जण म्हणाला. परतताना जीपमध्ये शकीलच बोलला. "मले मागून सगळं दिसते. मी बोंबलतो. तुम्ही फक्त आयका."

त्यानंतर प्रत्येक सामन्यात पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत गोलमधून एकच आरोळी येत राहिली. "ओटा नाई! ओटा नाई बे!" कोणी कडेला वळला की आरोळी. समोरच्या संघांना ही काही गुप्त खूण वाटायची. एका पंचांनी सरांना बोलावून विचारले, हा मुलगा काय ओरडतो? सर म्हणाले, "तो त्यांना वस्तुस्थिती सांगतो."

तालुक्याच्या पहिल्या सामन्यात आम्ही एक-शून्य जिंकलो. दुसरा बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर गेला. तिथे शकीलने दोन किक अडवल्या. दुसरी अडवताना तो उजवीकडे असा आडवा गेला की त्याच्या बनियनवरच्या एक या आकड्याला मधोमध तडा गेला. अंतिम सामना दोन-एकने जिंकला. गावात परत आलो तेव्हा अब्बा दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी मुलाकडे पाहिले नाही, त्याच्या कोपराकडे पाहिले आणि हळद लाव म्हणाले. शकील आम्हाला कुजबुजून म्हणाला, "हे लय झालं. आमच्याकडे याले शाबासकी म्हनतात."

जिल्ह्याचे सामने बुलढाण्याला होते. पहिला सामना जिंकला, उपांत्य सामनाही जिंकला. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी पाऊस झाला होता. मैदानाच्या एका कोपऱ्यात पाणी साचले होते. सामना शून्य-शून्यवर होता आणि शेवटची काही मिनिटे उरली होती. मी उजव्या बाजूचा बचावपटू. चेंडू माझ्या पायात होता, तोंड आमच्याच गोलकडे, पाठीमागून त्यांचा एक जण पळत येत होता. बाजाराच्या जागेत बरोबर त्या ठिकाणी कडेला कोपऱ्यातला ओटा होता. त्यावर चेंडू मारला की तो तिरका परत येऊन थेट शकीलच्या हातात जायचा. हे मी शेकडो वेळा केले होते. मी तेच केले. चेंडू कोपऱ्याकडे गेला आणि रेषेच्या आत, साचलेल्या पाण्यात थांबला. मागून आलेल्या मुलाने तो घेतला आणि गोलकडे मारला. शकील गोलच्या मधोमध नव्हता, चार पावले बाजूला होता. तो धावत परत आला आणि चेंडू त्याच्या दोन पायांमधून आत गेला.

मैदानाभोवतीच्या लोकांनी पाहिली ती शेवटची दोन सेकंदे. पायांमधून गेलेला चेंडू. गावातून आलेल्या पोरांपैकी कोणीतरी तिथेच म्हणाले, "फाटक उघडं ठेवलं बे यानं!" चिखलीत त्याने स्वतःच काढलेला शब्द त्याला असा परत मिळाला. शाळेच्या वार्षिकांकात संघाचा वृत्तांत लिहिण्याचे काम सरांनी मला दिले. मी लिहिले : 'अंतिम सामन्यात गोलरक्षकाच्या पायांतून चेंडू गेल्याने अमरावतीची संधी हुकली.' माझे छापून आलेले हे पहिले लेखन. वाक्य खोटे नव्हते. फक्त त्याच्या आधीची चार सेकंदे त्यात नव्हती. अंक गावात घरोघरी गेला. अब्बांनीही तो कोणाकडून तरी वाचून घेतला. परीक्षा झाली आणि शकील मशीनवर बसला.

त्यानंतरचा शकील मी सुट्टीत गावी गेल्यावर पाहिलेला. तो दुःखी माणूस नव्हता, असे मी जबाबदारीने लिहितो. हाताला कसब होते. तालुक्याबाहेरून लोक त्याच्याकडे गाद्या भरून घ्यायला यायचे. अब्बा गेल्यावर त्याने दुकानावर नवा बोर्ड लावला, 'फाटक गादी कारखाना'. मी बोर्ड पुन्हा एकदा वाचला. तो म्हणाला, "असाही सारा गाव फाटकच म्हनते. मंग पेंटरले दुसरं नाव सांगून फुकट गोंधळ कायले?" शिवण पूर्ण झाली की गिऱ्हाइकासमोर तो गादीवर आडवा झोकून द्यायचा, एक हात लांब करून. "पाहा, आवाज आला का? नाई आला. घेऊन जा." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

शेवटची भेट मागच्या हिवाळ्यातली. माझी पाठ दुखत होती, डॉक्टरांनी कापसाची गादी सांगितली होती. शकील खोकत होता. तोंडावरचा रुमाल हनुवटीखाली ओढून त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "पेपरवाल्यायची पाठ दुखते? तुम्ही तं बसूनच असता ना बे." गादी भरून होईपर्यंत मी तिथेच बसलो. त्या दिवशी तो गादीवर पडला नाही, नुसता काठावर बसला आणि तळहाताने दाबून पाहिले. का कोण जाणे, मी तेव्हा बोललो.

"शकील, तो गोल माझा होता."

"कोणता?"

"बुलढाण्याचा. मी ओट्यावर मारला होता."

तो हसला. मग खोकला आला, तो थांबेपर्यंत मी वाट पाहिली.

"मले दिसलं नाई का? मीच तं घ्यायले निंगालो होतो."

"म्हणजे?"

"अबे, सारा टाइम 'ओटा नाई, ओटा नाई' बोंबललो, अन् त्या टायमाले मीच इसरलो. तू मारला, मी समजलो आता ओट्यावरून येते. म्हनून तिकडे सरकलो. दुसरा कोणी गोलकीपर असता तं सरकला असता का? जागेवरच राह्यला असता, गोल वाचला असता." त्याने गादीवरचा धाग्याचा तुकडा उचलला. "अमडापुरात तो पास बराबर होता."

"मंग तवा सांगतलं काऊन नाई?" मी विचारले.

"कोणाले सांगू? ज्याले माहीत होतं, तोच लिहून राह्यला होता."

हे तो चिडून म्हणाला नाही. म्हणून ते अधिक लागले. मग त्याने समोरच्या टपरीकडे दोन बोटे दाखवली आणि आमच्यासाठी चहा आला. मी अब्बांच्या अटीचा विषय काढला. त्यावर तो एवढेच म्हणाला, "अब्बा शेवटपर्यंत म्हनायचे, पोरगं पायातून गोल खाते म्हनून. त्यायले खरं सांगाले पाह्यजे होतं, एवढं वाटते कवाकवा..."  

मागच्या आठवड्यात मी अमडापूरला गेलो. दुकान आता त्याची मोठी मुलगी सना चालवते. बीकॉम झाली आहे, मशीनही तीच चालवते. चहा झाल्यावर मी तिला विचारले, दुकानाचे नाव कशावरून पडले, माहीत आहे का? तिला वाटत होते की दुकानाच्या जुन्या लोखंडी फाटकावरून. मी तिला सगळे सांगितले. पास, पाणी, चार पावले, वार्षिकांकातले वाक्य. ती हातातला कापूस मोकळा करत ऐकत होती.

"म्हंजे दादाजींले माहीतच नव्हतं?"

"नाही."

"अन् माहे अब्बा साऱ्या जिंदगीभर दुसऱ्याचं नाव बोर्डावर लावून बसले होते?"  तिने माझ्याकडे नीट पाहिले. चेहरा थेट बापाचा. "मंग बोर्ड काढून तुमच्याच घरावर लावावा लागते, काका."

मी म्हणालो, नाव बदलायचे असेल तर नव्या बोर्डाचे मी पाहतो. तिने मान हलवली. पेंटरला तिने आधीच सांगून ठेवले होते की अक्षरे तीच राहतील, फक्त रंग नवा. "गिऱ्हाईक याच नावानं येते. अन् अब्बा याच नावाले ओ द्यायचे. पण तुम्ही छापून टाका. दादाजी नाईत, पण बाकीचा गाव तं हाय."

म्हणून लिहितो. त्या वर्षीच्या जिल्हा अंतिम सामन्यातला गोल उजव्या बचावपटूच्या चुकीने झाला. गोलरक्षक जागेवर नव्हता, कारण तो त्या बचावपटूचा पास घ्यायला निघाला होता. वार्षिकांक केव्हाच बंद पडला, त्यामुळे दुरुस्ती त्याच जागी छापता येत नाही.

निघेपर्यंत संध्याकाळ झाली होती. पिंजणाऱ्या मशीनची पांढरी पूड दिवसभर उडून बोर्डावर बसते आणि अक्षरे पुसट दिसू लागतात. सनाने स्टूल घेतले, ओढणी कमरेला खोचली आणि वर चढून फडक्याने पूड झटकली. आधी 'कारखाना', मग 'गादी'. 'फाटक' या अक्षरांवर तिने फडके दोनदा फिरवले, खाली उतरली, दोन पावले मागे जाऊन वाचता येते का ते पाहिले आणि शटर ओढले.