गावचा माणूस

"पाय बायर ठेव. हात आत घाल," मालक म्हणाला.

मालकाच्या नव्या घराची वास्तुशांती होती. चौकटीच्या आतल्या बाजूला दोन खिळे ठोकलेले. त्यांना झेंडूचं तोरण बांधायचं होतं. मी ओट्यावर उभा राहिलो, पायाची बोटं उंबरठ्याच्या अलीकडे ठेवली आणि तिरपा होऊन हात आत घातले. उंची सहा फूट पाच इंच. हात पोचले. आतल्या बायका हसल्या. मालकाची आई म्हणाली, "शिडी कायले पायजे? आपला सेंटर हाये न!"

मीही हसलो. मला कोणी हसायला सांगितलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष असेल. मालकाची वाशीमला कापसाची जिनिंग गिरणी होती आणि बास्केटबॉलचा संघ बाळगायची हौस होती. मी इंझोरीच्या बौद्धवाड्यातला. मैदानावर मला पाहून त्यानं नोकरी दिली. कागदावर मी मजुरांची हजेरी लिहिणारा, खरा सेंटर. सेंटरनं रिंगखाली उभं राहायचं, कोपरं खायची, उडालेला चेंडू वरच्या वर झेलायचा आणि आपल्या माणसाकडे द्यायचा. पाच जणांचा घाम त्या एका चेंडूला लागायचा. मैदानावर माझा विटाळ कोणाला झाला नाही.

सराव संपला की मालकाच्या जुन्या घरी चहा. चौघे आत, मी ओट्यावर. पहिल्याच दिवशी मालक म्हणाला होता, "तू बायरच बस. चौकट ठेंगनी हाये, डोक्याले लागन."

किती काळजी! दोन वर्षं मी ते खरं धरलं. खरं म्हणजे धरलं नाही, धरल्यासारखं केलं. गावात कोणी विचारलं तर मीच सांगायचो, बुवा, आपली उंचीच अशी.

आणि त्या दिवशी तोरण बांधताना मी वर पाहिलं. नव्या घराची चौकट माझ्या डोक्यापेक्षा चांगली हातभर उंच होती. त्यातून मी उडी मारत आत गेलो असतो. तरी पाय बाहेरच.

एक गाठ झाली. दुसरी मारत होतो तेवढ्यात फाटकाकडून हाक आली.

"जय भीम, बापू!"

माझा बाप. मला तो बापूच म्हणायचा. संध्याकाळचा सामना बघायला इंझोरीहून आला होता. धुतलेलं धोतर, हातात पिशवी. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मालकानं विचारलं, "कोन हाये रे?"

मी म्हणालो, "गावचा मानूस."

मालकानं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तीच उंची, तेच पुढे आलेले कान. आंधळ्यालाही कळलं असतं. मालक म्हणाला, "तुमच्या गावचे सारेच एवढे लांब असतात काय?"

"हो जी."

पुन्हा हशा. फाटक काही लांब नव्हतं. बापाला सगळं ऐकू गेलं. तो एवढंच म्हणाला, "मी मॅच पायले आलो. तिकडंच बसतो." आणि वळला. मी दुसरी गाठ कशीबशी ओढली. जय भीमला जय भीम म्हणायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, गिळलं.

संध्याकाळी मी अगदी वाईट खेळलो. रिंगखाली हातात आलेले चेंडू सुटले. बाप गर्दीत उभा होता. कोणी तरी ओरडलं, "ओ बुवा, खाली बसा न!" तो बसला. मग मला फक्त त्याचा फेटा दिसत राहिला.

मधल्या सुटीत मी दोरी ओलांडून त्याच्यापाशी गेलो. "बाबा, जय भीम."

त्यानं वर पाहिलं. आवाजात राग नव्हता. "गावच्या मानसाले बाबा कायले मनतं?"

 

तेवढ्यात मालक आला. "तोरन एका आंगानं सुटलं. खेळ झाला की बांधून देजो."

"हा माहा बाप हाये," मी म्हणालो. आवाज फाटला, पण म्हणालो. "अन् तोरन आतून बांधीन. आता त चौकट ठेंगनी नाही. नसन जमत त शिडी लावा."

 मालक हळूच म्हणाला, "उद्यापासून जिनिंगवर येऊ नको."

नोकरी गेली. बापाला एस.टी.पर्यंत सोडायला गेलो. मला वाटलं, आता तरी पाठीवर हात ठेवेल. तो गाडीत चढला, खिडकीशी बसला आणि समोर पाहत राहिला. गाडी निघाली.

पुढे एका सरकारी खात्याच्या संघातून मी दहा वर्षं सेंटर खेळलो. बाप कधी सामना पाहायला आला नाही. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यानं दिली असती, आणि मी सुटलो असतो. मला सुटायचं नाही. मालकाचा ‘चौकट ठेंगनी’ हा शब्द मी परत केला. माझा ‘गावचा मानूस’ हा शब्द माझ्याच तोंडातून निघालेला, तो कोणाला परत करू?

आता कुठलं बोलावणं आलं की मी आधी विचारतो, घरात कुठवर? ओट्यापर्यंत असेल तर मी जात नाही. माझे हात हवे असतील तर आधी पाय आत येतील. आणि मी आत आलो की सगळ्यांत आधी माझ्या बापाचं नाव सांगीन.