बसायला शिकवा, बाई

परवाच्या प्रशिक्षणात आम्हा सगळ्या शिक्षकांना उभं करून हळूहळू हात झुलवायला लावले. लेकरं चुळबुळ करायला लागली की त्यांना अशी सावकाश हालचाल करू द्यावी, त्यांचं मन ठिकाणावर येतं, असं सांगणाऱ्या मॅडम फार गोड बोलत होत्या. मी एकटी उठले नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. खरं म्हणजे मला संताप आला होता, आणि तो कित्येक वर्षांचा शिळा संताप होता.

नव्वदच्या दशकात शिरड शहापूरकडच्या एका तांड्यावर मी पहिली-दुसरी एकत्र घ्यायचे. त्यात एक पोरगी होती, तिला बसवतच नसे. थोडा वेळ गेला की पाटी आपटायची, शेजारणीचे केस ओढायची, कोणी रागावलं तर स्वतःचंच मनगट चावायची. हाताची घडी, तोंडावर बोट, ही शिक्षा तिला माराहून वाईट वाटे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शाळेच्या पटांगणात उकडलेली हळद वाळत पडलेली असे. एकदा ही रडत बाहेर पळाली ती थेट हळदीत शिरली. अनवाणी, पाय न उचलता, घासत घासत ओळी काढत फिरायचं, म्हणजे खालची हळद वर येते. घरी हे काम तिचंच. थोडं फिरून झालं आणि आपली आपण जागेवर येऊन बसली, नाक पुसलं, बाराखडी लिहायला लागली. मी बघतच राहिले.

पटांगणातली हळद उचलली गेली तरी आमचं सुरूच राहिलं. वर्ग कुरकुरायला लागला की मी म्हणायचे, "चला, हळद हलवा." सगळी लेकरं रांगेनं पाय घासत वर्गात फिरायची. घाई नाही, ढकलाढकली नाही. पुढे पुढे तीच विचारायची, "बाई, हलवून येऊ?" चावणं थांबलं. ती वाचायला लागली, आणि मला खरंच वाटलं की ही शिकणार.

जूनमध्ये नवे मुख्याध्यापक आले, हिंगोलीहून मोटारसायकलवर येणारे. आमची रांग पाहून म्हणाले, "ही शाळा आहे की खळं? या लोकांच्या अंगातच भटकणं आहे, तुम्ही त्याला आणखी खतपाणी घालता." मी भांडले. मग त्यांनी पोरीच्या बापालाच बोलावलं आणि सांगितलं, की बाई तुमच्या मुलीला शाळेत हळदीचं काम शिकवतात.

बाप माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "बाई, आमचे आजे-पणजे बैलांमागं चालून चालून मेले. आमी उसाच्या फडात पाय तोडून राहिलो. ही तरी बसून खाईल म्हणून शाळंत घातली. काहून चालवून राहिले तुमी तिला? बसायला शिकवा, बाई."

आधी चालू द्या, म्हणजे ती बसेल, असं मी म्हटलं. माझ्याच कानाला ते खोटं वाटलं. साहेब शेजारी उभे राहून मिशीत हसत होते. त्या हसण्याची चीड अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी साहेबांच्या टेबलापुढे, हाताची घडी घालून. उठायची परवानगी नाही. मनगटावर पुन्हा दातांचे वण दिसायला लागले. एक दिवस तिनं बसल्या जागी फ्रॉक ओला केला, वर्ग हसला, आणि ती घरी पळाली. मी तांड्यावर बोलवायला गेले तर मला पाहून झोपडीमागे लपली. दिवाळी झाली तसा बाप तिला घेऊनच ऊसतोडीला गेला. एरवी तिला आजीपाशी मागे ठेवायचा ते शाळेसाठी, आणि शाळा तर सुटली होती.

साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर बाप मला बाजारात भेटला. मला पाहून त्याला आनंद झाला.

"पोरगी लई चपळ निघाली, बाई. दिसभर मोळ्या वाहून राहते, बस म्हणलं तरी बसत न्हाई. मुकादम बी खूश हाय." मग जरा ओशाळून म्हणाला, "तुमचंच बराबर होतं. तिला चालवायलाच पाहिजे होतं."