निलगिरीवरची झोप

चांदा गावातले माझे घरमालक कानात काही सांगू लागले तरी ते वेशीपर्यंत ऐकू जायचं. बोलताना ते समोरच्याचं मनगट धरत आणि 'व्हय' म्हणवून घेतल्याशिवाय सोडत नसत. बांधावर त्यांनी हौसेनं निलगिरीची रांग लावली होती. विहिरीचं पाणी खाली गेलं की मालकीणबाई त्या झाडांच्या नावानं बोटं मोडायच्या. "फळ न्हाई, सावली न्हाई, नुसती पानी पित्यात मेली!" तेवढ्यापुरते मालक गप्प बसत.

एका उन्हाळ्यात मी पुण्याहून निलगिरीच्या लाकडापासून काढलेल्या धाग्याची चादर आणली. पर्यावरणाला जपणारी म्हणून जरा मिरवतच ती वाळत घातली. मालकांनी आधी ती हुंगली. "तेलाचा वास न्हाई की!" मग तिच्यावर गाल घासला आणि माझं मनगट धरलं. "लई गार हाय. निलगिरीचीच ना? नक्की?" मी व्हय म्हटलं तरी मनगट सुटेना. "आजच्या दुपारपुरती द्या."

दुपारी लाइट गेली. उकाड्यानं बाहेर आलो, तर मालक स्वतःच्याच दाराशी राखणीला बसलेले. त्यांनी खुणेनं बोलावून दार किलकिलं केलं. आत माझ्या चादरीवर मालकीणबाई चक्क घोरत होत्या. तेवढ्यात गल्लीत भंगारवाला ओरडला. मालकांनी हात जोडून त्यालाही गप्प केलं. मग माझं मनगट धरून ते कुजबुजले, आणि पहिल्यांदाच ते फक्त मला ऐकू आलं.

"कशावर निजलीया, ते तिला अजून सांगितलं न्हाई. उठू दे, मंग समद्या गावाला सांगतो!"