हरळीशी सोयरीक

आमच्या 'अंगण' बाग-रचना स्टुडिओला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्ष झालं. वर्षभरात काय काय केलं ते चार ओळींत लिही आणि फोटोसकट टाक, असं जो तो सांगतो. म्हणून बसले लिहायला. अकरा बागा केल्या. सात मेहकरात, तीन डोणगावात, एक पार वरवट बकालला. इथवर ठीक. पण या अकरापैकी नऊ बागांत वांगी आहेत, आणि माझ्या एकाही नकाशात वांगं नव्हतं. हे कसं झालं ते सांगायचं तर मामांबद्दल लिहावं लागतं, आणि आमच्या मामांचं चार ओळींत आजवर कोणाचंच भागलेलं नाही.

स्टुडिओ म्हणजे फार काही समजू नका. बसस्टँडमागे एक खोली, एक कॉम्प्युटर, एक मी समता, आणि इंद्रभानमामा.

मामा माझ्या आईचे थोरले भाऊ, डोणगावचे. साठी कधीच उलटली. चाळीस वर्षं त्यांनी दोन एकरांत भाजीपाला केला. वांगी, मेथी, सांबार. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. दोन वर्षांपूर्वी ते वावर रस्त्यात गेलं. मोबदला मिळाला, त्याबद्दल मामांची काही तक्रार नाही. पण दुसरं वावर काही मनाला येईना. याची माती पांढरी, त्याची विहीर आटलेली. शेवटी मामा ओट्यावर बसले ते बसलेच. एक दिवस कौशल्यामामीचा फोन आला.

"समते, तुह्या मामाले घेऊन जाय बाई. तुळशीच्या कुंडीतली माती दिवसातून तीनदा उकरून राह्यले. आता एक तं तुळस मरंन, नाहीतं मी मरीन."

दोघी वाचाव्यात म्हणून मी मामांना कामावर आणलं. चूक माझीच.

पहिल्याच बागेत भांडण झालं. डॉक्टरीणबाईंच्या अंगणात मी मजुरांकडून लॉन लावून घेत होते. मामा वाकले, एक कांडी उचलली आणि नखाने सोलून पाहिली.

"हे हरळी हाय."

"हो मामा. लॉन म्हणून हीच लावतात."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

मामा खालीच बसले. तुम्ही शेतीवाले नसाल तर सांगते, हरळी ही वावराची हाडवैरीण. एकदा शिरली की पिढ्या जातात, ती जात नाही. गणपतीला दूर्वा म्हणून वाहताना मामा तिला हात जोडतात, आणि तीच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दिसली की तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

"माह्या बापानं हिले खणली, मी खणली," मामा म्हणाले. "आन् तू लोकायच्या दारात हिची सोयरीक लावून राह्यली!"

त्या दिवसापासून लॉनचं काम आलं की मामा पाठ फिरवून बसायचे. बाकी कामात मात्र वाघ. गुलाबाला आळं असं करतील की बघत राहावं. खोड एकच. हातभर रिकामी माती दिसली की त्यांचा हात खिशात जाणार, आणि खिशात बी असणारच. डॉक्टरीणबाईंच्या गुलाबात सांबार उगवला. मास्तरांच्या बांबूवर वालाच्या शेंगा चढल्या. वांगी तर कुठंही. मी चिडले की म्हणायचे, "काऊन ओरडतं? माती उघडी ठेवू नये, चांगलं दिसत नाही." लोकही असे लबाड, माझ्याकडे तक्रार करायचे आणि मामांना भरीत कसं झालं ते कळवायचे.

मग हरिओमशेठचं काम आलं. बायपासला त्यांचं लग्नाचं लॉन उभं राहत होतं, आनंदी लॉन. पहिलं लग्न त्यांच्याच लेकीचं, छकुलीचं, आणि तेही आखाजीला. शेठ संतापले की हसतात, म्हणून गाव त्यांना टरकून असतं. त्यांनी डॉक्टरीणबाईंची बाग पाहिलेली होती.

"ताई, नकाशा झकास हाय," ते हसत म्हणाले. "पण इथं एक जरी वांगं दिसलं, तं तुमचा तो म्हातारा त्या दिवसापासून घरी."

घरी म्हणजे ओटा, आणि ती तुळशीची कुंडी. मी मामांना तिथल्याच विहिरीवर नेलं, पाण्याला हात लावून शपथ घ्यायला लावली. मामांनी घेतली आणि पाळलीही. खिसे उलटे करून दाखवायचे रोज सकाळी. फेब्रुवारीत हरळी लावली, एप्रिलच्या सुरुवातीला सगळं मैदान हिरवं. मी खूश. आणि खूश होऊन बोगनवेल आणायला दोन दिवस अकोल्याला गेले.

जाताना मामांना सांगितलं, शेठचे व्याही जागा पाहायला येणार आहेत, बाया लावून साफसफाई करून घ्या. मामांनी डोणगावहून जनकाबाईंची टोळी बोलावली. आठ बाया, सगळ्या मामांच्या वावरात वर्षानुवर्षं तण निंदायला येणाऱ्या. बाया आल्या, पाहतात तर काय, अख्खं रान हरळीनं माखलेलं! त्या बिचाऱ्यांना दुसरं काय वाटणार?

मी परत आले तेव्हा मैदान काळंभोर होतं. एक पातं नाही. धुऱ्यावर हरळीचा डोंगर, आणि शेजारी जनकाबाई पदराने घाम पुसत उभ्या.

"ताई, एक कांडी ठेवली नाही पहा! हातहात मुळ्या गेल्या होत्या खाली!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मामा, तुम्ही कुठं होता?"

"विहिरीवर. मोटर बिघडली होती."

"आणि परत आल्यावर?"

"आलो तं अर्धं झालं होतं."

"मग थांबवलं काऊन नाही?"

मामांनी टोपी काढली, हातात फिरवली. "काळी माती दिसली बाई. दोन वर्षांनी. येवढी मोठी, मोकळी. माह्याच्यानं नाही थांबवलं गेलं." हळूच पुढे म्हणाले, "मंग म्याही कुदळ घेतली."

तेव्हा मला रडू यायला हवं होतं. नाही आलं, खोटं कशाला बोलू. मी ओरडले, "उद्यापासून येऊ नका, मामा!"

"बरं," मामा म्हणाले आणि टोपी घालून बस पकडायला गेले. मागून शेठ आले. त्यांनी मैदान पाहिलं आणि हसले. खूप वेळ हसले. लग्नाला बावीस दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठचे पाय धरायच्या तयारीने गेले, तर आत ट्रॅक्टरचा आवाज. धुऱ्यावरचा डोंगर मैदानभर पसरलेला, त्यावरून रोटाव्हेटर फिरतोय, आणि मामा पुढे चालत हातवारे करतायत.

"मामा! मी काय सांगितलं होतं?"

"कामाले नाही आलो," मामा मागे न बघता म्हणाले. "हिचं आन् माहं जुनं हाय. ते पाह्यले आलो."

"अहो, पण ती मेली ना सगळी!"

मामा खो-खो हसले. "चाळीस वर्षं म्या मारली, ती मेली नाही. तुले वाटते जनकाबाई एका दिवसात मारंन?"

मग कळलं. हरळीत रोटाव्हेटर घालू नये, एका कांडीच्या शंभर होतात, म्हणून घातला. तिला वरून ओल देऊ नये. म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी. तिला खत लागू देऊ नये. म्हणून शेणखत, तेही दणकून. वैरिणीच्या ज्या ज्या हौशी ठाऊक होत्या, त्या सगळ्या मामांनी पुरवल्या. उघड्या राहिलेल्या जागी कांड्या टोचायला जनकाबाईंची टोळी पुन्हा आली. बाया हसून हसून आडव्या. "उपटलेली हरळी लावाची? इंद्रभानभाऊ, उन्हानं डोकं फिरलं काय?"

सहा दिवस काही दिसेना. मामा उकिडवे बसून मातीला दरडावत होते, "ऊठ ना वं सटवे! माह्या वावरात तं बोलावल्याबिगर येत होती!" माझा जीव टांगणीला. मामांना पुन्हा 'या' म्हणायची मला लाज वाटत होती, आणि ते तर रोज येतच होते. आठव्या दिवशी सुईएवढे कोंब निघाले. मामांनी मला हाक मारली नाही. नुसतं बोट दाखवलं आणि पाठ फिरवून डोळे पुसले. विसाव्या दिवशी मैदान पहिल्यापेक्षा दाट.

आखाजीला लग्न झालं. वऱ्हाडी चपला काढून लॉनवर फिरत होते. शेठ खरंखुरं हसत होते. ते हसू वेगळं असतं हे त्या दिवशी कळलं. एवढ्यात मला मंडपाच्या कडेला मामा दिसले. नवं धोतर, नवी टोपी, आणि वाकून लॉनमधून काहीतरी उपटतायत! मी साडी सावरत धावले.

"मामा! आज तरी हरळीला हात लावू नका हो!"

मामांनी मूठ उघडली. आत वांग्याचं रोप होतं. दोन पानांवरचं, तरारलेलं.

"म्या नाही लावलं, शप्पथ! शेणखतातून आलं असंन." मग खाली बघत म्हणाले, "हरळीत तण झालं होतं बाई. काढलं."

चाळीस वर्षं वांगी केलेला माणूस. त्याने रोप फेकलं मात्र नाही. ओल्या रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं.

दुसऱ्याच आठवड्यात शेठनी पलीकडच्या जागेचंही काम दिलं. मी नकाशा काढला. लॉन, बोगनवेल, कारंजं, सगळं. आणि विहिरीमागे दोन मोठे वाफे मोकळे सोडून त्यावर लिहिलं, 'मामा'.

शेठनी चष्मा लावून पाहिलं. "ताई, हे मामा कोणतं झाड हाय?"

"देशी आहे," मी म्हटलं. "एकदा हाकलून पाहिलं मी. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर."