सोळाचं ॲव्हरेज

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ तर नाहीच — आणि खरं म्हणजे सगळ्यात आधी तिलाच सांगायला हवं होतं, कारण ज्याच्याबद्दल हे आहे तो तिचा धाकटा भाऊ. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुमच्यापुढे जीभ उचलतेय. थोडी लाज शिल्लक आहे असं समजा. किंवा नका समजू.

गाडीपासून सुरुवात करतो. गाडीबद्दल बोलणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

नांदेडला माझं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी मी फोर बाय फोर घेतली — उंच, काळी, चारही चाकांना ताकद देणारी. का घेतली? शेतकऱ्यांच्या बांधावर जावं लागतं, पावसाळ्यात काळ्या मातीत साधी गाडी रुतते, असं मी सगळ्यांना सांगायचो. बांधावर जायचा तो दुकानातला माणूस, मोटारसायकलवर. खरं उत्तर असं की मोबाइलवर बर्फातून वाट काढणाऱ्या गाड्या बघून बघून मला वेड लागलं होतं. नांदेडात बर्फ! आमचा हिवाळा म्हणजे सकाळी काचेवर दव धरतं, ते वायपरने पुसायचं, आणि उन्हं वर आली की स्वेटर काढून मागच्या सीटवर फेकायचा. बायको म्हणत होती, विष्णुपुरीकडे प्लॉट घेऊ. मी ऐकलं नाही. चारही चाकं मी एकदाच मुद्दाम नदीकाठच्या चिखलात फिरवली, फोटो काढून घेतले आणि गाडी लगेच धुवायला नेली.

आणि ती प्यायची. लिटरला गावात नऊ किलोमीटर, मोकळ्या रस्त्याला दहा. डिझेल भरायला मी एकटाच जायचो — बायको शेजारी असली की पंपावरून सरळ पुढे. तिचा प्लॉट गिळून बसलेली गाडी रोज किती गिळते, हे तिला कशाला कळायला हवं?

तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुम्हाला ठाऊक आहे. नवी गाडी दारात उभी राहिली की पेढा तोंडात जायच्या आधी पहिला प्रश्न येतो — ॲव्हरेज किती देते? माझी सासुरवाडी मुदखेडची. गाडी माहूरला देवीच्या दर्शनाला नेली आणि तिथून परस्पर मुदखेडला गेलो. ओसरीवर सासरे, शेजारपाजारचे चार जण आणि माझे साडू. साडूंची गॅसवर चालणारी छोटी गाडी, आणि ही गाडी घेऊ नका म्हणून त्यांनी मला आधीच बजावलेलं. ते हसत म्हणाले, "पांढरा हत्ती पोसून राहिले म्हणा की. काय देते, आठ?"

"सोळा," मी म्हणालो.

एवढंच. एक आकडा. साडूंचं तोंड बघण्यासारखं झालं, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. जावई दहावा ग्रह म्हणतात ते काही उगाच नाही — सासुरवाडीत जावई बोलला की माना डोलतात, पावती कोण मागतो?

त्या ओसरीच्या पायरीवर दिगंबर बसला होता. माझा मेव्हणा. मुदखेड–नांदेड काळीपिवळी जीप चालवायचा. त्याच्या हाताबद्दल काय सांगू! बाळंतपणाला निघालेली पोरगी असो की ऑपरेशन करून परतणारा म्हातारा, लोक त्याच्याच जीपसाठी खोळंबायचे. शिक्षण सुटलेलं, शेती नाही म्हणण्याइतकी — त्याच्याजवळ मिरवण्यासारखी ही एकच गोष्ट होती. तो उठला, माझ्या गाडीच्या बॉनेटवर तळवा टेकून उभा राहिला आणि कुणाशीच न बोलता हसला.

पुढच्या वर्षी त्याने जीप विकून याच गाडीचं जुनं मॉडेल घ्यायचं ठरवलं. माहूरला भाविक न्यायचे, पावसाळ्यातही गडावर चढता येईल. सगळा हिशोब माझ्या सोळावर मांडलेला. घ्यायच्या आधी तो मुद्दाम दुकानात आला. "दाजी, सोळा देते ना नक्की?" तेव्हा दुकानात दुसरं कुणीही नव्हतं. साडू नव्हते, सासरे नव्हते. कुणापुढे नाक कापलं जाणार होतं माझं? तरी मी म्हणालो, "मी काय खोटं बोलतो का?"

बिचारा चपापला. उलट त्यानेच माफी मागितली.

त्याच्या हातात गाडीने दहा दिले. दहाच देणार, दुसरं काय? त्याने फिल्टर बदलले, चाकांतली हवा तपासली, दोन मिस्त्री केले. मिस्त्री म्हणाले, गाडीत काही नाही, पाय जड असेल. स्टँडवरचे लोक चिडवायला लागले — दाजी सोळा काढतेत आन ड्रायव्हर दहा! उभ्या जन्मात कुणी त्याच्या चालवण्याला नाव ठेवलं नव्हतं. थंडी सुरू झाली होती तेव्हा तो घरी आला. बायको आत चहा टाकत होती. तो मान खाली घालून मला म्हणाला, "दाजी, माझा हातच गेला वाटतं. तुमी कसं चालवता तेवढं सांगा."

इथे थांबतो जरा. कारण इतका वेळ मी जे सांगितलं ती नुसती बढाई होती. बढाई कोण मारत नाही? त्या क्षणी मला फक्त म्हणायचं होतं — दिगंबर, गाडी दहाच देते, मी थापा मारल्या. तो हसला असता. कदाचित चिडला असता, चार दिवस आला नसता. पण त्याचा हात त्याला परत मिळाला असता.

मी त्याला युक्ती सांगितली. घाटात उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची, लांब उतार असेल तर इंजिनच बंद. स्टेअरिंग जाम होऊ नये म्हणून किल्ली अर्धीच फिरवायची. थेंब लागत नाही, म्हणालो. तो घुटमळला. "पन दाजी, इंजन बंद झालं की ब्रेक दगडासारखा व्हतो. लागत न्हाई नीट." बरोबर बोलत होता तो. मला ते माहीतही होतं. तरी मी हसलो आणि म्हणालो — हे मी शब्दन्‌शब्द सांगतो आहे — "ते तुझ्या जुन्या जीपचं, राजा. ही फोर बाय फोर आहे. चारही चाकांनी रस्ता धरते."

मी असं कधीही केलेलं नव्हतं. एकदाही नाही. त्याची खात्री पटावी म्हणून बोलता बोलता सुचेल ते जोडत गेलो.

"तुमी म्हनता तर आसंल," तो म्हणाला. चहा पिऊन गेला.

मार्गशीर्षात दत्तजयंतीची गर्दी असते माहूरला. भाविकांना गडावर सोडून तो सकाळी रिकामी गाडी घेऊन खाली येत होता. धुकं, सागाचा ओला पाला, रस्ता दवाने निसरडा. इंजिन बंद होतं. वळणावर समोर उसाची ट्रॉली दिसली, आणि त्याने ब्रेक दाबला तर तो दाबला जाईना. गाडी कडेला घेऊन त्याने ती दगडाच्या कठड्यावर घातली. ट्रॉलीवरची माणसं वाचली. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्यात सासरे भिंतीला टेकून उभे होते. मला बघून ते दिगंबरच्या बायकोला म्हणाले, "हे बग, दाजीकडं बी हीच गाडी हाय. एक ओरखडा न्हाई. चालवनारा लागतो." मी ऐकून घेतलं. मान खाली घातली ती लोकांना दुःखाने घातल्यासारखी वाटली असेल.

आणि दिगंबर? सगळे बाहेर गेल्यावर त्याने माझा हात धरला. "मी तुमचं नाव घेतलं न्हाई दाजी कुनाजवळ. इंजन बंद केल्तं हे बी बोललो न्हाई. तुमचं बरुबर हाय, मलाच जमलं न्हाई."

मी त्याच्या कपाळावरून हात फिरवला. धीर धर म्हणालो. घरी आलो, जेवलो.

आता तो मुदखेडच्या स्टँडवर खुर्ची टाकून बसतो, जीपांचे नंबर लावतो. नवी पोरं स्टेअरिंगवर बसलेली बघतो. त्याची बहीण, माझी बायको, अजून अधूनमधून म्हणते की दिगू आधीपासूनच जरा धांदरट. तो धांदरट नव्हता. मला त्या वेळी ओरडावंसं वाटतं आणि मी भाजी वाढून घेतो.

मागच्या थंडीत त्याने मला एक गोष्ट मागितली. आजवर त्याने माझ्याकडे मागितलेली तेवढीच. "एकडाव मला शेजारी बसवून माहूरचा घाट उतरा दाजी. इंजन बंद करून. कसं जमतं तेवढं डोळ्यांनी बगायचंय. मग मन बसंल माझं."

जाऊ की, म्हणालो. मग दुकानात गर्दी निघाली, मग क्लचचं काम निघालं, मग लातूरला एक लग्न निघालं. तो दर वेळी म्हणायचा, सवडीनं. घाईचं काय हाय.

मी गाडी विकली. लातूरच्याच एका माणसाला, येईल त्या भावात, घरात कुणाला न विचारता. तिच्या जागी दुसरी, साधी गाडी आली. मुदखेडला गेलो तेव्हा दिगंबर कुबडी सावरत बाहेर आला, दारातली नवी गाडी बघितली आणि त्याला कळलं. मग मलाच समजावत म्हणाला, जाऊ द्या दाजी, इतकी गुणाची गाडी व्हती, तुमच्या जिवाला लागलं आसंल.