पत्र्याचा उतार
लोखंडाला गंज लागू नये म्हणून लावतात त्या तांबड्या रंगाचा वास आला की पाथरीतलं आमचं अंगण आठवतं. वडील गावोगावच्या प्रवाशांची जीप चालवायचे. उन्हात तिची सीट इतकी तापायची की बाया आधी पदर अंथरून मग बसायच्या. म्हणून जीपसाठी पत्र्याचं शेड हवं होतं. आमच्या गल्लीत शेड थेट उभं राहायचं, परवानगीचं कुणी नावही काढत नसे. मी तेव्हा चळवळीची पत्रकं वाचून पेटलेला. परवानगीशिवाय एक खांबही रोवायचा नाही, असं घरात बजावलं. वडील हसले, "बरं, कायद्यानं होऊ दे." नगरपालिकेचे इंजिनिअर टेप घेऊन मोजायला आले, तेव्हा शेजारच्या काकू आपल्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, "माजी हरकत हाय." परवानगी तिथंच अडली. मी नियम, हक्क, नागरिक असं तावातावानं बोलायला लागलो. "भाषण सभेत दे रे बाबा," काकू म्हणाल्या, "पत्र्याचं पाणी कुठं पडंल ते सांग. माजी भिंत मातीची हाय." वडील पुढे झाले. "वहिनी, उतार आमच्याकडं घेतो. पाणी आमच्या दारात पडू द्या." "मंग बांधा की! मी कशाला आडवी येऊ?" इंजिनिअरांनी नकाशावरचा उताराचा बाण उलटा काढला आणि परवानगी मिळाली. आता मी स्वतः पत्रकं लिहितो, अन्याय दिसला की गप्प बसत नाही. पावसाळ्यात मात्र घरात शिरताना पत्र्याची धार नेमकी माझ्या मानेवर पडते, पलीकडं काकूंची भिंत कोरडी उभी असते, आणि मला तक्रार करावीशी वाटत नाही.