मधली खाच

"जुळलं! अरे, जुळलं!" मी असा ओरडलो की तीन गल्ल्यांपलीकडची कबुतरं गाव सोडून गेली. प्रयोगशाळेत ऐकायला मात्र फ्रीजच्या घरघरीशिवाय कोणी नव्हतं. पडद्यावर एकाच कामाची दोन एन्झाइमं मी एकावर एक ठेवली होती, गाईचं लाल आणि जिवाणूचं निळं. बाहेरची वेटोळी एकमेकांशी फटकून होती, पण जिथं खरं काम चालतं ती मधली खाच हुबेहूब एक. एकाच पूर्वजाची ही दोन लेकरं, पृथ्वी म्हातारी होईस्तोवरची ताटातूट, तरी आतलं तेच!

राहवेना. वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या दादाला फोन लावला, सगळं सांगितलं आणि विचारलं, "आपलंही असंच असेल ना रे, दादा?"

तो म्हणाला, "बाहेरचं जुळत नाही ना? ठेवतो मग."